मेहरूनखालाची माणसं

मेहरूनखाला बांगड्या भरायला बसली की आधी एकच हात भरायची. तो झाला की पेटीचं झाकण लावून टाकायची, ओढणीच्या टोकाने कपाळ पुसायची आणि सहज आठवल्यासारखं विचारायची, "ती वरची खोली आजून रिकामीच हाय का वं?" समोरच्या बाईचा एक हात बांगड्यांनी गच्च भरलेला आणि दुसरा भुंडा. अशा अवस्थेत उठून ती जाणार कुठे? मग खोलीचं बोलणं सुरू व्हायचं, आणि ते खालाच्या मनासारखं होईपर्यंत पेटी काही उघडायची नाही. जालन्यात मस्तगडाच्या आसपासच्या किती खोल्या तिने अशा एका हातावर मिळवल्या असतील, देव जाणे.

खाला मन्यारीण होती. घरोघर जाऊन बांगड्या भरायच्या, हे तिच्या घराण्याचं काम. बुटकी, अंगाने रुंद, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलली तरी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावं. तिचं माहेर आणि माझ्या सासूबाईंचं माहेर एकच, कुंभार पिंपळगाव. सासूबाईंच्या लग्नात त्यांचा चुडा भरला तो खालाच्या आईने. पुढे खालाही लग्न होऊन जालन्यातच आली, त्यामुळे दोघींचं अगं-तुगं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे कमलबाईंना, तोंडावर "तुझं डोकं फिरलं का?" असं विचारू शकणारी त्या घरात ती एकटीच होती. मी मनातल्या मनात विचारायचे, ती मोठ्याने विचारायची. मला तिचा फार आधार वाटायचा.

जालन्यात बाहेरची माणसं येत असतात. लोखंडाच्या कारखान्यांत बिहारची, ओडिशाची, झारखंडची. बांधकामावर आणखी कुठली कुठली. मोमोच्या आणि चायनीजच्या गाड्यांवर तर थेट नेपाळची. काम त्यांना चटकन मिळतं. भट्टीसमोर उभं राहायला स्थानिक माणूस कुठे तयार असतो? अडतं ते घरापाशी. काम करायला या, पण राहायला आमच्याकडे नको, असा एकूण कारभार. अशा माणसांना खाला गाठायची. खरं तर तीच माणसं तिला गाठायची, कारण एकाला खोली मिळाली की तो दुसऱ्याला सांगायचा, बांगड्यावाल्या चाचीला विचार.

"खाला, तुम्हाला काय पडलंय हे सगळं?" असं मी एकदा विचारलं होतं. ती माझी बोटं साबणाच्या पाण्याने चोळून मऊ करत होती. वर न बघताच म्हणाली, "सूनबाई, माझा धंदाच लोकाच्या घरात शिरायचा हाय. ज्याला शिरता येत न्हाई त्याला संगं घिऊन जाते. हात सैल सोड, बांगडी वाढंल." बांगडी फुटेल असं ती चुकूनही म्हणायची नाही. फुटली तरी ती वाढलीच.

तिचा धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हाची गोष्ट ती मात्र हसत सांगायची. "खोली बघाया गेला की मालक आधी चहा पाजायचा. मंग नाव विचारायचा. नाव सांगितलं की खोली कालच गेली म्हणायचा. लेक मला फोनवर म्हणून राह्यला, अम्मी, चहा लई झाला." ती हसायची, पण मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नसे. राग यायचा. मला राग आलेला दिसला की खाला म्हणायची, "तू कामून तापून राह्यली? त्याला भेटली खोली. आता मी हितं दुसऱ्याला देऊन राह्यले. हिसाब बराबर."

तिला कोणी दलाल म्हटलेलं खपत नसे. "दलाल खोली दाखवतो. मी माणूस दाखवते," असं ती ठणकावायची. आणि माणूस दाखवायची तिची पद्धत अशी की कुठल्याही दलालाचा धंदा आठवडाभरात बुडाला असता. ती वाईट ते आधी सांगायची. "बाई, ऐक. लोकं मटण-मच्छी खाणारे हायत. तुझी भाषा त्यांना येत न्हाई. गाव लई लांब हाय, उद्या पळून गेले तर म्या काय धरून आणणार न्हाई. हे झालं वाईट. आता चांगलं सांगू का?" घरमालकीण बिचारी चांगलं ऐकायला अगदी आसुसलेली असायची.

भाड्याच्या बाबतीत तर तिला लाजच नव्हती. एका दुकानदाराने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं तोंडाला येईल ते भाडं सांगितलं. खाला त्याच्या बायकोला बांगड्या भरायला गेली होती. ती उठली, भर एप्रिलच्या दुपारी त्या खोलीत जाऊन फरशीवर बसली आणि त्याला हाक मारली, "भाऊ, या बसा. भाड्याचं हितंच बोलू." तो दारात उभा राहिला. "आत या की. एवढी महाग खोली, जरा बसून तर बघा." घामाने निथळत तो बोलला आणि भाडं निम्म्यावर आलं. एवढं झाल्यावर खाली येऊन तिने त्याच्या बायकोचा दुसरा हात भरला.

आमच्या वरच्या खोलीकडे तिचा डोळा होताच. आधीचा भाडेकरू सोडून गेल्यापासून सासूबाईंनी तिला कुलूप घातलं होतं. "मला आता कुणाची कटकट नको," हे त्यांचं पालुपद. एके दिवशी खाला आली ती एका मुलीला घेऊन. गोरी, बारीक डोळ्यांची, पोट चांगलंच दिसत होतं. तिचं नाव माया. नवरा धनबहादूर बसस्टँडजवळ मोमोची गाडी लावायचा. दोघं नेपाळचे, एका हॉटेलच्या मागच्या गोदामात राहत होते आणि मालकाला गोदाम रिकामं हवं होतं. बाळंतपणाआधी खोली मिळाली नाही, तर मायाला एकटीला गावी धाडायचं असं नवऱ्याने ठरवलं होतं. गाव म्हणजे गाड्या बदलत बदलत डोंगरापर्यंत, आणि पुढे पायी चढण. सातवा संपत आलेला.

खालाने त्या दिवशी सासूबाईंचा हात धरायच्या आधी मायाचा धरला आणि पुढे केला. "बघ." 

"काय बघू?"

"हात बघ. भांडं घासलेला, पीठ मळलेला हात हाय. नखात आजून मैदा हाय बघ. म्या जनमभर हातच बघत आले, मला कोणी तोंड दाखवून फसवू शकत न्हाई."

"अगं पण परक्या देशाची माणसं! आधार कार्डसुद्धा न्हाई त्यांच्याजवळ."

"देश दुसरा हाय म्हणूनच आधार न्हाई. त्यांच्या देशाचा कागद हाय. पोलीस ठाण्यात तुझ्या लेकासंगं मी जाते, सांगून येते. आन् कमल, ह्याच्याउपर माझी जबान हाय. ह्या पोरीनं तुझ्या घराला तरास दिला, तर मी पुन्हा तुझ्या गल्लीत कुणासाठी खोली मागणार न्हाई."

हे जरा जास्तच झालं, असं मला वाटलं. कारण खालाची सगळी पत तिच्या शब्दावर होती, बांगड्यांवर नव्हे. तो शब्द एकदा पडला असता, तर मायाबरोबर पुढच्या कितीतरी जणांची दारं बंद झाली असती. सासूबाईंनाही ते कळलं असावं. त्यांनी खूप वेळ मायाच्या पोटाकडे पाहिलं आणि किल्ली आणायला मला सांगितलं. त्यांचे दोन्ही हात त्या दिवशी भुंडेच राहिले होते. नंतर खालाने ते फुकट भरून दिले.

मायाचं बिऱ्हाड आलं त्या दिवशी सासूबाई एका साखरपुड्याला अंबडला गेल्या होत्या, मी शाळेत शिकवायला आणि आमचे हे कामावर. आता इथे आमच्या पाण्याबद्दल सांगावं लागेल. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि नळाची मर्जी नसली तर तेही नाही. म्हणून अंगणात जमिनीखाली मोठा हौद. पाणी आलं की तो भरायचा आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचा. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपडे पिळलेलं पाणी संडासात. जालन्याच्या बाईला हे कोणी शिकवत नाही, ते तिच्या अंगातच असतं. मायाच्या गावी घराच्या मागेच डोंगरातून धार पडते, अष्टौप्रहर. आणि तिच्या घरची रीत अशी, की नव्या घरात चूल पेटवायच्या आधी घर धुऊन काढायचं. नुसती आपली खोली नव्हे. ज्याने आसरा दिला त्याचंही दार, पायऱ्या, अंगण, सगळं. तो त्याचा मान.

मी शाळेतून आले तेव्हा गल्लीपर्यंत ओल आली होती. पायऱ्या चकचकीत, अंगणातली शहाबादी फरशी माझ्या लग्नातसुद्धा इतकी स्वच्छ नव्हती. ओटा, कठडा, संडासाची भिंत, तुळशीचा कट्टा, सारं धुतलेलं. मी हौदाचं झाकण उचललं. तळ दिसत होता. नळ कालच येऊन गेला होता. तेवढ्यात सासूबाईंची रिक्षा दाराशी थांबली. माया ओल्या पदराने हात पुसत त्यांच्यासमोर गेली, वाकून पाया पडली आणि आपल्या भाषेत आई अशी हाक मारून हसत म्हणाली, "आमा, सब सफा."

पुढचा अर्धा तास मी इथे लिहीत नाही. सासूबाईंचं माहेरचं मराठी त्या दिवशी सगळ्या गल्लीला कळलं. मायाला एकही शब्द कळत नव्हता, पण आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं कळलं आणि ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिली. खालाला निरोप गेला. ती आली आणि झाकण उचलून हौदात डोकावली.

"मेहरून, हे तुझं माणूस. उद्या सकाळी खोली रिकामी करायची. आन् तुझ्या बांगड्या आजपासून माझ्या घरात नकोत," सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, खाला मायाची बाजू मांडेल, पोरीला माहीत नव्हतं म्हणेल, हातापाया पडेल. ती यातलं काही बोलली नाही. तिने बांगड्यांची पेटी आमच्या ओट्यावर ठेवली. "बराबर हाय तुझं. बिलकुल बराबर. खोली उद्या. पण पाणी आज आणावं लागंल. खर्चा तिनं केलाय, तीच भरंल." मग मला म्हणाली, "सूनबाई, एक घागर दे. आन् तिच्यासाठी लहान कळशी." स्वतः घागर काखेत मारून, मायाच्या हातात कळशी देऊन ती बाहेर पडली. मला राहवेना, म्हणून मीही बादली घेऊन मागोमाग गेले.

शेजारच्या दारात उभी राहून ती त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "वहिनी, एक घागर पाणी उसनं पाहिजे. ही कमलबाईची भाडेकरीण. नेपाळहून आली. आमच्या गावात पाणी मोजून वापरतात हे हिला ठावं नव्हतं. हिनं कमलबाईचं घर धुतलं, मानासाठी. नळ आला की परत करंल." पुढच्या दारात पुन्हा तेच, एकही शब्द न बदलता. आमच्या गल्लीत पाणी उसनं देणं नवीन नव्हतं. लग्नकार्यात, बाळंतपणात सगळेच देतात. पण परक्या मुलखातल्या बाईने मागितलं, हे पहिल्यांदा घडत होतं. बायका बाहेर येऊन मायाला वरपासून खालपर्यंत बघत, पोटाकडे बघून थबकत, मग आत जाऊन घागर भरून आणत. एकीने विचारलं, "कितवा?" खालाने मायाची बोटं धरून मोजून दाखवली. दुसरीने कळशी अर्धीच भरली, "जड उचलू देऊ नका वो तिला," म्हणाली. तिसऱ्या घरात मायाने खालाच्या आधीच तोंड उघडलं, "वहिनी, पानी उसनं." सगळ्या हसल्या. मायाही थोडी हसली.

आम्ही परत येऊन हौदात पाणी ओतत होतो, पुन्हा जात होतो. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. चौथ्या खेपेला समोरच्या घरातल्या काकू त्यांना म्हणाल्या, "कमलबाई, अवो आठवा लागून राह्यला तिला आन् तुम्ही पाणी भराया लावलं?" बस्स. एवढंच निमित्त झालं. सासूबाई तीरासारख्या बाहेर आल्या, मायाच्या कमरेवरची कळशी त्यांनी हिसकावून घेतली आणि खालावर कडाडल्या, "मेहरून, तुला काही हाय का न्हाई? माझ्या घरची बाई पोटुशी असताना दारोदार पाणी मागत हिंडते! लोक मला काय म्हणतील? चल गं पोरी, वर जाऊन पड."

खाला घागर काखेत धरून तशीच उभी. मग ती अगदी हळू, तिच्या आवाजाच्या मानाने खरोखरच हळू, म्हणाली, "तुझ्या घरची?"

मला त्यांचा स्वभाव माहीत आहे, तोंडातून निघालेला शब्द त्या मागे घेत नाहीत, रागातला नाही आणि प्रेमातलाही नाही. "मंग कुणाच्या घरची?" त्या म्हणाल्या आणि कळशी घेऊन आत गेल्या. सकाळी खोली रिकामी करायचा विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. उरलेल्या खेपा मी आणि खालाने घातल्या. दुसऱ्या दिवशी धनबहादूरने एक निळा ड्रम आणून जिन्याखाली ठेवला, त्यातलं पाणी मायाचं. सासूबाई तिला शिकवू लागल्या, तांदूळ धुतलेलं पाणी कुठे, भांड्याचं कुठे. महिन्याभरात माया माझ्याहून कमी पाणी वापरू लागली आणि सासूबाई ते मला दिवसातून एकदा तरी ऐकवू लागल्या.

खालाला मी नंतर विचारलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत ना? लोकांसमोर फिरवलंत म्हणजे सासूबाईंना लाज वाटेल?" ती माझ्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाली, "हौद रिकामा व्हता. पाणी पाहिजे व्हतं. एवढंच." खरं-खोटं तिलाच माहीत. मला एवढं दिसलं, की त्या दिवसानंतर माया गल्लीतून चालली की चार दारांतून तिला हाका यायच्या. ज्यांचं पाणी तिने परत करायचं होतं, त्या सगळ्या तिच्या ओळखीच्या झाल्या होत्या.

मुलगी झाली. बारशाला सासूबाईंनीच पुढाकार घेतला. पाळणा आमचा, माझ्या मुलांचा. सगळी तयारी झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, नाव ठेवायला आत्या कुठे आहे? धनबहादूरच्या बहिणी सगळ्या डोंगरात. सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मेहरून, ऊठ. तूच हो आत्या. तूच आणलीस ना हिला?" खाला नको-नको म्हणत होती, पण तिचे डोळे आधीच भरून आले होते. ती पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, आणि आम्ही बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. सासूबाईंनी जरा जोरातच घातला. तेव्हापासून खाला मायाला भावजय म्हणायची. आली की जिन्याखालून ओरडायची, "भावजय, चहा टाक, नणंद आली!" आणि चहात साखर कमी पडली तर सख्ख्या नणंदेसारखी नावं ठेवायची.

त्यानंतरही ती खोल्या शोधतच राहिली. सासूबाईंच्या गल्लीत तिला आता हाताची युक्ती करावी लागत नसे, नुसतं विचारलं तरी चालायचं. पण ती करायचीच. सवय म्हणा, नाहीतर मजा म्हणा.

गेल्या थंडीत ती दोन दिवसांच्या तापात गेली. आम्हाला दुपारी कळलं. सासूबाई, मी आणि माया, तिघी निघालो. माया वाटभर रडत होती. खालाच्या घरात बायका दाटीवाटीने बसलेल्या, अंबडहून तिच्या सासरची लांबची मंडळी आलेली. आम्हाला ओळखणाऱ्या दोघी-तिघींनी पुढे बोलावलं. सासूबाई आत जाऊन बसल्या, मीही बसले. माया मात्र उंबऱ्याशीच अडली. पुढे यावं की नाही, तिला कळत नव्हतं. अंबडच्या एका म्हाताऱ्या बाईने तिचा चेहरा पाहिला, तिचं ते हुंदके देऊन रडणं पाहिलं आणि शेजारणीला विचारलं, "ही कोण? बाहेरची दिसून राह्यली."

सासूबाईंनी मान वळवली.

"ती मेहरूनची भावजय हाय," त्या म्हणाल्या.

म्हातारीने गुडघे आवळून घेतले, तिच्या बाजूच्या बायका थोड्या थोड्या सरकल्या, आणि त्या भरल्या घरात मायाला बसायला जागा झाली.